काखेत गाठ, गावाला वळसा

अंगावर कुठे गाठ हाताला लागली की आपल्या मनात पहिल्यांदा दोनच शब्द येतात. एक कॅन्सर आणि दुसरा टीबी. पॅथॉलॉजिस्ट म्हणून खानदेशात काम करताना गाठ घेऊन येणारे रुग्ण मला रोज भेटतात. माझ्या टेबलापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्यांच्या घरी बहुधा एक रात्र जागून काढलेली असते. कुणी बिब्ब्याचा चटका दिलेला असतो, कुणी लेप लावलेला असतो, तर कुणी न तपासताच गोळ्या सुरू केलेल्या असतात.

गाठ म्हणजे रोग नव्हे, रोगाची खूण. ती कशाची खूण आहे हे ओळखण्याची एक सोपी, स्वस्त आणि खात्रीची वाट म्हणजे बारीक सुईने गाठीतील पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. या तपासणीतून कधीकधी असे कारण समोर येते की ऐकणारा आधी हसतो आणि मग सुटकेचा श्वास सोडतो. मांजराच्या ओरखड्याचा रोग हे त्यातलेच एक कारण. आज त्याची ओळख करून घेऊ. मात्र हा लेख अर्धा वाचून पेपर बाजूला ठेवू नका, कारण दुसऱ्या अर्ध्यात एक इशारा आहे.

गाठ एकीकडे, जखम दुसरीकडे

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवरची जुनी फड पद्धत अनेकांनी पाहिली असेल. बंधाऱ्यावरून पाट निघतो, पाटातून चाऱ्या फुटतात आणि प्रत्येक चारीखाली ठरलेले शेत असते. आपल्या शरीरातही अशीच एक व्यवस्था आहे, फक्त तिचे पाणी उलट वाहते. हातापायांतून, तोंडातून, डोक्याच्या कातडीतून निघालेला पाण्यासारखा रस बारीक नळ्यांतून वर येतो आणि जागोजागी असलेल्या लसिका ग्रंथींतून गाळला जाऊन शेवटी रक्तात मिसळतो. अशा सुमारे सहाशे ग्रंथी शरीरात असतात. मान, काख आणि जांघ या ठिकाणी त्यांचे मोठे झुबके असतात.

शेतात काही बिघडले की त्याचा परिणाम चारीत दिसतो, तसेच इथे होते. पायाला काटा रुतून पिकला तर जांघेत अवधाण येते. दाढ किडली तर जबड्याखाली गाठ येते. मुलांच्या डोक्यात उवा होऊन खरचटले तर मानेच्या मागच्या बाजूला वाटाण्याएवढ्या गाठी लागतात. बाळाला जन्मल्यावर डाव्या दंडावर बीसीजीची लस देतात. त्यामुळे काही बाळांच्या डाव्या काखेत लहान गाठ येते. गुटखा, तंबाखू खाणाऱ्याच्या मानेत दगडासारखी कडक गाठ आली तर मात्र ती तोंडातल्या कॅन्सरची खूण असू शकते. म्हणून गाठ पाहताना जाणता डॉक्टर प्रथम त्या भागातले 'शेत' तपासतो. काखेत गाठ असेल तर हात, बोटे आणि छाती पाहतो. मानेत असेल तर तोंड, दात, कान आणि डोके पाहतो.

आपल्याकडे काखेतल्या गळवाला 'काखमांजरी' म्हणतात. या शब्दातल्या मांजराचा घरातल्या मांजराशी संबंध जोडण्याचे कारण नाही. बहुतेक काखमांजरी साध्या गळवाचीच असते. पण काही वेळा काखेतल्या गाठीला खरोखरच मांजर कारणीभूत असते, ही मौजेची गोष्ट आहे.

सुईची तपासणी कशी होते?

या तपासणीला डॉक्टर मंडळी एफएनएसी म्हणतात. सुई इंजेक्शनच्या सुईसारखीच बारीक असते. कातडी पुसून गाठ दोन बोटांत धरतात, सुई आत घालून दोनतीन वेळा मागेपुढे करतात आणि काही सेकंदांत बाहेर काढतात. बहुधा भूल द्यावी लागत नाही, टाके पडत नाहीत. रुग्ण चालत येतो आणि चालत घरी जातो. सुईत आलेला थेंब काचपट्टीवर पसरवतात. एक पट्टी हवेत वाळवतात, दुसरी लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात, कारण दोन्हींना वेगवेगळे रंग द्यायचे असतात. टीबीच्या जंतूंसाठी आणखी एक पट्टी राखून ठेवतात.

ही युक्ती नवी नाही. १९०४ साली ग्रेग आणि ग्रे या दोन डॉक्टरांनी आफ्रिकेत निद्रारोगाच्या रुग्णांच्या मानेतील गाठींतून सुईने रस काढून त्यातले परजीवी शोधले होते. १९३० साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी गाठींच्या निदानासाठी ती वापरली. पुढे स्वीडनमधील कॅरोलिन्स्का रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आणखी बारीक सुया वापरून ती जगभर रूढ केली. आज धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांचे पॅथॉलॉजी विभाग या कामासाठी आहेत. जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे.

लोकांच्या मनात एक भीती घट्ट बसलेली असते: 'सुई टोचली की गाठ चिघळते, रोग अंगभर पसरतो.' मानेतल्या किंवा काखेतल्या गाठीत बारीक सुई घातल्याने रोग पसरत नाही. सुई टोचल्यावर थोडे दुखते, क्वचित थोडे रक्त साकळते, एवढेच. रोग पसरतो तो तपासणी टाळल्याने.

काचपट्टीवर काय दिसते?

निरोगी ग्रंथीत लहान, गोल, गडद केंद्र असलेल्या पांढऱ्या पेशींची गर्दी असते. साध्या सुजेत लहानमोठ्या सगळ्या वयाच्या पेशी एकत्र दिसतात. भरलेल्या शाळेच्या पटांगणासारखे चित्र असते. कॅन्सरमध्ये परक्या, बेढब पेशींचे पुंजके दिसतात.

टीबीत चित्र वेगळे असते. शरीर त्या जंतूला मारू शकत नाही म्हणून त्याच्याभोवती कोट उभारते. त्या कोटातल्या पेशींचे केंद्र लांबट, चपलेच्या तळव्यासारखे असते. त्यांच्या घोळक्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. काही पेशी एकमेकींत मिसळून राक्षसी आकाराच्या होतात आणि त्यांची अनेक केंद्रे घोड्याच्या नालेसारखी मांडलेली दिसतात. मधोमध पनीर कुस्करल्यासारखा मृत भाग असतो. विशेष रंग दिल्यावर नशिबाने साथ दिली तर निळ्या पार्श्वभूमीवर लालभडक, बारीक काड्यांसारखे टीबीचे जंतू दिसतात.

मांजराच्या ओरखड्याच्या रोगातही ग्रॅन्युलोमा असतो आणि इथेच घोटाळा होण्याचा संभव असतो. फरक मधल्या भागात असतो. टीबीत मध्यभागी पनीरासारखा निर्जीव भाग असतो, तर या रोगात ताज्या पुवाच्या पेशी दाटीने भरलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती लांबट पेशींची रांग लागलेली असते. गाठ कापून पाहिली तर हे पुवाचे ठिपके चांदणीच्या आकाराचे दिसतात. म्हणजे टीबीचा कोट आणि गळवाचा पू एकाच ठिकाणी, असे हे चित्र.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पेशींचे हे चित्र म्हणजे आरोपीचे वर्णन आहे, त्याचे बोटांचे ठसे नव्हेत. पू झालेला टीबी, काही बुरशीजन्य रोग आणि जांघेत गाठ आणणारे काही गुप्तरोग यांतही असेच चित्र दिसू शकते. म्हणून माझ्या अहवालात मी 'हाच रोग आहे' असे लिहीत नाही. 'या रोगाशी सुसंगत. रुग्णाची हकिकत आणि इतर तपासण्यांशी जुळवून पाहावे' असे लिहितो.

मांजर, पिसू आणि जंतू

१९५० साली पॅरिसच्या रॉबेर देब्रे या बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या रोगाचे पहिले सविस्तर वर्णन केले. मांजराने बोचकारल्यानंतर मुलांच्या काखेत, कोपराजवळ गाठी येतात आणि त्यांतल्या पुवात नेहमीचे जंतू सापडत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले होते. जंतू मात्र पुढची तीसपस्तीस वर्षे हुलकावणी देत राहिला. १९८३ साली अमेरिकेतील लष्करी पॅथॉलॉजी संस्थेच्या संशोधकांनी गाठींच्या कापांना चांदीचा रंग दिला, तेव्हा बारीक काळ्या काड्या प्रथम नजरेस पडल्या. हा रंग मुळात सिफिलिसचे जंतू पाहण्यासाठी शोधलेला होता. सुरुवातीला भलत्याच जंतूवर ठपका आला. खरा जंतू १९९२ च्या सुमारास पक्का ओळखला गेला. आज त्याला बार्टोनेला हेन्सेली म्हणतात.

हा जंतू मांजराच्या रक्तात, विशेषतः वर्षाच्या आतील पिलांच्या रक्तात, महिनोन्‌महिने राहतो आणि मांजर मात्र ठणठणीत असते. एका मांजराकडून दुसऱ्याकडे त्याला नेतात त्या पिसवा. पिसवांची विष्ठा मांजराच्या केसांत पडते. मांजर अंग खाजवते तेव्हा ती नखांत जाते आणि त्याच नखांनी बोचकारले की जंतू माणसाच्या कातडीत शिरतो. तीन ते दहा दिवसांत त्या जागी एखादी लाल पुळी येते. ती पुळी कुणाच्या लक्षातही राहत नाही. पुढे एक ते तीन आठवड्यांत त्या बाजूच्या काखेत, कोपराजवळ किंवा मानेत दुखरी गाठ येते. थोडा ताप आणि थकवा असतो. बहुतेकांची गाठ दोन ते चार महिन्यांत आपोआप ओसरते. औषधाची गरज वाटली तर डॉक्टर अझिथ्रोमायसिन पाच दिवस देतात. त्याने गाठ लवकर लहान होते. हे औषध मनाने दुकानातून आणून घेऊ नये.

काही थोड्या रुग्णांत हा जंतू डोळा, यकृत किंवा हृदयाच्या झडपांपर्यंत पोहोचतो. एचआयव्हीबाधित, कॅन्सरचे उपचार घेणारे, अवयवरोपण झालेले आणि झडपेचा विकार असलेले यांच्यासाठी हा रोग किरकोळ नाही.

नऊ वर्षांचा एक मुलगा

तापीकाठच्या एका गावातून नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन त्याची आजी आणि वडील माझ्याकडे आले. उजव्या काखेत लिंबाएवढी गाठ, तीन आठवड्यांपासून. एका ठिकाणी त्यांना सांगितले होते, 'टीबी आहे, सहा महिने गोळ्या घ्या.' शेजारच्या मुलांना त्याच्याशी खेळू देणे बंद झाले होते. आजीने दारातूनच विचारले, "टीबी ते नही ना, डॉक्टर?"

मी गाठीआधी हात पाहिला. उजव्या हाताच्या पंजावर दोन बारीक, वाळलेल्या रेषा होत्या आणि मनगटाजवळ एक विरत चाललेली पुळी. घरी मांजर आहे का, असे विचारताच आजी म्हणाली, "मांजर ते से, आनी तिना चार पिल्ला बी सेतस." पिले कणगीच्या मागे होती आणि मुलगा दिवसभर त्यांच्यात रमलेला असे.

सुईत थोडा पिवळसर पू आला. काचपट्टीवर पुवाच्या पेशी आणि त्यांच्या कडेने लांबट पेशींचे घोळके होते. पनीरासारखा भाग नव्हता. टीबीच्या रंगात लाल काड्या दिसल्या नाहीत. पण एवढ्यावर थांबणे बरोबर नसते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली टीबीचा जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात आणि गाठीच्या टीबीत ते बरेचदा याहून कमी असतात. म्हणून उरलेला नमुना सीबीनॅट तपासणीला दिला. टीबीच्या जंतूचे जनुकच शोधणारे हे यंत्र सुमारे दोन तासांत उत्तर देते. ते उत्तरही 'नाही' असे आले. छातीचा फोटो स्वच्छ होता. बालरोगतज्ज्ञांनी रक्ताचा नमुना मुंबईला पाठवला. त्यात या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे वाढलेली निघाली. पाच दिवसांचे औषध झाले. दोन महिन्यांनी मुलगा आला तेव्हा गाठ चिंचोक्याएवढी उरली होती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आपण सहज वापरतो. या मुलाच्या बाबतीत ती अक्षरशः खरी ठरली. रोगाचे कारण घरातल्या कणगीमागे म्याऊ म्याऊ करत होते आणि घरचे लोक जिल्हाभर फिरत होते.

आता दुसरी बाजू

वर इशारा म्हणालो तो हा. धुळे जिल्ह्यातली एकोणीस वर्षांची एक मुलगी. मानेच्या उजव्या बाजूला दोन महिन्यांपासून एकमेकींना चिकटलेल्या तीन गाठी. संध्याकाळी बारीक ताप, भूक मंदावलेली, वजन उतरलेले. जुन्या माणसांनी जिला गंडमाळ म्हटले, तसेच हे चित्र होते. घरात मांजर होते. कुणीतरी वडिलांना या मांजराच्या रोगाबद्दल सांगितलेले होते.

मुलीला बाहेर बसवून वडील मला म्हणाले, "साहेब, घरात मांजर आहे. तुम्ही मांजराचेच लिहा. दिवाळीनंतर सोयरीक जमवायची आहे. कागदावर टीबी आला तर पोरीचे काय होईल?"

त्या बापाची घालमेल मला कळत होती. पण काचपट्टीवर पनीरासारखा भाग होता, राक्षसी पेशी होत्या आणि तीन लाल काड्याही होत्या. मी त्यांना समोर बसवून सांगितले, "दादा, कागदावर मांजर लिहिले म्हणून आतला टीबी जाणार नाही. तो फुटून मानेवर व्रण पडेल, मग लपवणार कसे? आज औषध सुरू केले तर सहा महिन्यांत पोरगी खडखडीत बरी होईल. तिची छाती स्वच्छ आहे. नुसत्या गाठीचा टीबी एका ताटात जेवल्याने, शेजारी बसल्याने दुसऱ्याला होत नाही." सीबीनॅटने टीबीवर शिक्कामोर्तब केले आणि नेहमीची औषधे त्या जंतूवर चालतील असेही सांगितले. सरकारी योजनेतून औषध फुकट मिळाले. मध्यंतरी एक गाठ वाढल्यासारखी वाटली तेव्हा घरचे घाबरले. उपचार चालू असताना असे होऊ शकते, म्हणून औषध थांबवू नये, हे त्यांना समजावले. तिने सहा महिने एकही दिवस न चुकवता औषध पूर्ण केले. आज ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे.

आपल्या देशात फुप्फुसाबाहेरच्या टीबीत गाठींचा टीबी सर्वांत जास्त आढळतो. त्या मानाने मांजराच्या ओरखड्याचा रोग आपल्याकडे फार क्वचित नोंदवला जातो. म्हणून घरात मांजर आहे एवढ्यावरून टीबीची शंका सोडू नये, आणि गाठ आहे एवढ्यावरून टीबीच्या गोळ्याही सुरू करू नयेत. दोन्ही चुका महागात पडतात. एकीत रोग वाढतो. दुसरीत धडधाकट मुलाला सहा महिने यकृतावर ताण देणारी औषधे खावी लागतात, त्यावर समाजाची वाळीत टाकणारी नजर निराळीच. दोन्ही चुका टाळण्याचे साधन एकच, नमुना तपासणे.

गाठ आणि पिसू यांची जुनी जोडी

पिसू आणि गाठ हे शब्द एकत्र आले की महाराष्ट्राला वेगळीच आठवण होते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा मराठी वृत्तपत्रे त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. त्याच्या दोन वर्षे आधी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये येर्सिन या डॉक्टरने प्लेगच्या गाठींतला द्रव तपासूनच त्याचा जंतू शोधला होता. १८९८ साली पॉल लुई सिमाँ याने कराचीत प्रयोग करून दाखवले की उंदराकडून उंदराकडे प्लेग नेणारी पिसूच आहे.

१९९४ साल तर अनेकांना आठवत असेल. बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगची बातमी आली आणि सप्टेंबरात सुरतेत हाहाकार झाला. लाखो लोकांनी सुरत सोडली. त्यांत आपल्या भागातून पोटासाठी गेलेले कामगारही होते. नंदुरबार, अमळनेर, जळगाव या रेल्वेमार्गावर तेव्हा एकच विषय होता. त्या काळात काखेत किंवा जांघेत साधे अवधाण आले तरी माणसे हादरत.

प्लेगची गाठ आणि मांजराच्या रोगाची गाठ यांत फरक असा, की प्लेगमध्ये अचानक कडक ताप भरतो, गाठ एकदोन दिवसांत अतिशय दुखरी होते आणि रुग्ण झपाट्याने खालावतो. तो तातडीचा रोग आहे. मांजराच्या रोगाची गाठ सावकाश येते आणि रुग्ण हिंडता फिरता असतो. दोन्हीकडे पिसू असली तरी जंतू वेगळा, चाल वेगळी.

मांजराला हाकलू नका

हे वाचून कुणी घरातले मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडायला निघेल, म्हणून सांगतो, तसे करू नका. धान्याच्या घरात मांजर नसेल तर उंदीर होतात आणि उंदीर मांजराहून कितीतरी जास्त रोग आणतात. बंदोबस्त करायचा तो पिसवांचा. मांजर बसते ते पोते, चादर आठवड्याला गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. पिसवांचे औषध पशुवैद्यकाला विचारूनच लावा. कपाशीवर फवारायचे किंवा कुत्र्यासाठी आणलेले औषध मांजराच्या अंगाला लावू नका. त्यातली काही औषधे मांजराच्या जिवावर बेततात. पिलांशी खेळून झाल्यावर मुलांना हात धुवायला लावा. अंगावरची जखम मांजराला चाटू देऊ नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे. मांजराने बोचकारले किंवा चावले तर पहिली काळजी रेबीजची करायची. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. चुना, हळद, तिखट, तेल काहीही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रक्त न येता ओरखडा उठला असेल तरी लस लागते. रक्त आले असेल किंवा दात लागले असतील तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. कातडीत देण्याच्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात. एकही चुकवू नका. धनुर्वाताचे इंजेक्शनही विचारून घ्या. मांजराच्या रोगाची गाठ आपोआप ओसरते, रेबीज झाल्यावर मात्र जवळजवळ कुणीच वाचत नाही.

गाठ आली तर

गाठ दुखते आहे, जवळ जखम आहे, आठदहा दिवसांत लहान होते आहे, तर घाबरण्याचे कारण नाही. दोनतीन आठवड्यांत कमी झाली नाही, बोराहून मोठी झाली, कडक आहे, हलत नाही, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वर आहे, किंवा बरोबर ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे अशी लक्षणे आहेत, तर सुईची तपासणी करून घ्या. गाठीला चटका देऊ नका, दाबून फोडू नका. पू झालेली अशी गाठ चिरली तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहू शकते. गरज पडल्यास डॉक्टर सुईनेच पू काढतात.

डॉक्टरांना सगळे सांगा. घरी मांजर आहे का, पिले आहेत का, कुणाला टीबी झाला होता का, तंबाखू खाता का, पायाला काय लागले होते. सूक्ष्मदर्शकाखाली मला पेशी दिसतात. कणगीमागची पिले दिसत नाहीत. ती तुम्हीच सांगायची असतात.

टीबी निघाला तरी लपवू नका. तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आणि पोषणासाठी मिळणारी मासिक मदत नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेवरून एक हजार रुपये झाली आहे. पूर्ण औषध घेतलेला रुग्ण बरा होतो, लग्न करतो, संसार करतो. ज्या गावात लोक हे बोलून दाखवतात, त्या गावातला बाप डॉक्टरला 'मांजराचेच लिहा' असे म्हणणार नाही.